चावताना सणकन कळ, पण एक्स-रे साफ? दाढेला चीर असू शकते

दाढ किडलेली दिसत नाही, हिरडी सुजलेली नाही, एक्स-रेतही काही सापडत नाही. पण फुटाणा दाढेखाली आला की सणकन कळ जाते. मग लवंग लावायची, दुखण्याची गोळी घ्यायची, दुसऱ्या बाजूने चावायचं. असे महिने निघून जातात. अशा वेळी दाढेला बारीक चीर गेलेली असू शकते. १९६४ साली कॅमेरॉन या दंतवैद्याने या त्रासाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव दिलं.

मोडलेलं हाड जुळतं, दाताची चीर मात्र आपोआप जुळत नाही. उलट रोजच्या चावण्याने ती खोल जाते. म्हणून लवकर दाखवलं तर दाढ वाचते, उशीर झाला तर काढावी लागते.

चीर का पडते?
सुपारी, मटणाचं हाड, भाकरीतला खडा, दाताने बाटलीचं झाकण उघडणं किंवा वायर सोलणं ही नेहमीची कारणं. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दाढांवर रात्रभर ताण येतो. ज्या दाढेत जुनं मोठं सिमेंट किंवा चांदी भरलेली आहे, तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात. खालच्या जबड्यातल्या दाढांना चीर जास्त जाते. हा त्रास साधारण तिशीनंतर जास्त दिसतो.

ओळखायची कशी?
खास खूण अशी, की दाबून चावल्यावर दात सोडताना कळ जास्त येते. गार पाण्यानेही ठणका लागतो. नेमकी कोणती दाढ, हे बऱ्याच जणांना बोट ठेवून सांगता येत नाही.

डॉक्टर दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी प्लॅस्टिकची काडी ठेवून चावायला सांगतात. दातावर बाजूने प्रखर उजेड टाकतात. चीर असेल तिथे उजेड अडतो आणि पलीकडचा भाग काळपट दिसतो. निळा रंग लावला तर तो चिरेत उतरतो. कधी जुनं सिमेंट काढूनच आत पाहावं लागतं. हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजतात. एकाच जागी ती खोल गेली तर चीर मुळापर्यंत पोचल्याची शंका येते.

एक्स-रे साफ का येतो? चीर बहुतेक वेळा पुढून मागे जाते आणि एक्स-रे गालाच्या बाजूने काढतात, त्यामुळे ती दिसत नाही. तरी मुळाजवळचं हाड आणि पू पाहायला एक्स-रे लागतोच. म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणजे ‘दाढेला काही नाही’ असं धरू नये.

उपचार काय?
वरच्या थरावरच्या केसासारख्या रेषा दुखत नसतील तर काही करावं लागत नाही. दाढेचा कोपरा तुटला असेल तर भरून किंवा कॅप बसवून भागतं. दाढ चिरली असली तरी नस चांगली असेल तर कॅप बसवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जसं आवळून धरते, तसं कॅप दाढेला धरून ठेवते. नसेला सूज येऊन ठणका थांबत नसेल तर आधी रूट कॅनाल आणि मग कॅप. रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं म्हणून कॅप टाळली तर तीच दाढ पुढे दुभंगू शकते. दाढेचे दोन तुकडे झाले किंवा मूळच उभं चिरलं, तर बहुतेक वेळा ती काढावी लागते. कॅप बसवूनही काही दाढा पुढे दगा देतात, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावं.

तोवर काय करावं?
त्या बाजूने कडक चावू नका, फार गार-गरम टाळा. दाढेवर तंबाखू किंवा गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाण्याऐवजी नोंदणीकृत दंतवैद्याला दाखवा. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे का, कोणत्या वारी असतो, हे विचारून घ्या. रात्री दात खात असाल तर दातांवर घालायचं नाइट गार्ड बनवून मिळतं.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पेरणी असो की कापणी, हे काम पुढे ढकलू नका.