स्वगत, जनांतिक, नाट्यछटा, एकपात्री : फरक कसा ओळखायचा?

नाटकातील एखादी दोन-तीन मिनिटांची क्लिप व्हायरल झाली की खाली हमखास 'काय स्वगत आहे!' अशी कमेंट येते. बऱ्याचदा ते स्वगत नसतेच. पात्र किती वेळ बोलते याचा स्वगताशी संबंध नाही. एका ओळीचेही स्वगत असू शकते. रंगमंचावरील दुसऱ्या पात्रांना ते ऐकू जाते का, एवढेच पाहायचे.

कोण ऐकते?

धनंजयाच्या 'दशरूपक' या दहाव्या शतकातील संस्कृत ग्रंथात नेमकी याच प्रश्नावर विभागणी केलेली आहे. सर्वांनी ऐकायचे ते सर्वश्राव्य, ठरावीक पात्रांनीच ऐकायचे ते नियतश्राव्य आणि कोणत्याच पात्राने ऐकायचे नाही ते अश्राव्य. यातले अश्राव्य म्हणजे स्वगत. पात्राच्या मनातले प्रेक्षकांना कळते, शेजारी उभ्या असलेल्या पात्राला कळत नाही. जुन्या मराठी नाटकांच्या पुस्तकांत संवादाआधी कंसात 'स्वगत' आणि पुढे 'उघड' असे छापलेले दिसते, ते याच कारणाने.

नियतश्राव्याचे दोन प्रकार आहेत. इतर पात्रे समोर असताना दोघांनी आपापसांत बोलणे हे जनांतिक. त्यासाठी नट अनामिका दुमडून बाकीची बोटे उभी ठेवतो आणि हाताचा आडोसा करतो. या मुद्रेला त्रिपताका म्हणतात. तोंड फिरवून एकालाच गुपित सांगणे हे अपवारित. परीक्षेत या दोन्हींची गल्लत फार होते.

इब्सेनच्या वळणाच्या वास्तववादी नाटकांत स्वगत मागे पडले, कारण घरात बसलेला माणूस मोठ्याने स्वतःशी बोलत नाही. पण ते संपले नाही.

एका शब्दाने अर्थ बदलतो

विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात खेळ म्हणून अभिरूप न्यायालय भरते आणि त्यात लीला बेणारे या शिक्षिकेच्या खासगी आयुष्याची चिरफाड होते. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद दिले जातात. त्यानंतर येणारे तिचे दीर्घ मनोगत अनेक विद्यार्थी 'बेणारेने कोर्टात दिलेले उत्तर' म्हणून लिहितात. तसे वाचले तर ती बोलली आणि लढली असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात त्या वेळी बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. ती बोलते ते फक्त प्रेक्षक ऐकतात. कोर्टाच्या लेखी ती गप्पच राहिलेली असते. म्हणजे हे स्वगत आहे, आणि ते स्वगत आहे म्हणूनच तो प्रसंग इतका अंगावर येतो. सगळे ऐकूनही प्रेक्षक काही करू शकत नाहीत.

याउलट वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मधील बेलवलकरांची लांब भाषणे सरसकट स्वगते म्हणून फिरवली जातात. त्यांतील काही ठिकाणी समोर दुसरी पात्रे असतात आणि ती ऐकतही असतात. तिथे 'दीर्घ संवाद' हाच शब्द बरोबर.

नाट्यछटा वेगळी

नाट्यछटेतही एकच माणूस बोलतो, पण तो एकटा नसतो. समोर कोणीतरी आहे असे धरलेले असते, आणि त्या न दिसणाऱ्या माणसाचे बोलणे बोलणाऱ्याच्या उत्तरांतून कळते. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकावी, तसे काहीसे. हा प्रकार मराठीत आणला दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, 1911 साली. प्रेरणा इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांची. दिवाकरांच्या नाट्यछटांत माणूस बोलता बोलता स्वतःचेच ढोंग उघडे पाडतो, आणि त्याला ते कळतही नाही. स्वगतात पात्र सहसा खरे बोलते. इथे ते जगासाठी बोलत असते. शाळांच्या स्पर्धांत नाट्यछटा म्हणून जे सादर होते ते पुष्कळदा नुसते भाषण असते, हेही खरे.

न दिसणाऱ्या पात्राशी बोलण्याला संस्कृतात आकाशभाषित म्हणतात. 'काय म्हणतोस?' असे विचारून नट उत्तरही स्वतःच सांगतो. 'भाण' हा एकाच नटाचा नाट्यप्रकार त्यावरच उभा आहे.

एकपात्री आणि एकांकिका

एकपात्री या शब्दात 'पात्र' असले तरी मोजायचा असतो नट. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये नट एक आणि व्यक्तिरेखा 50हून अधिक. एकांकिकेत मोजायचा तो अंक. त्यात दहा नट असले तरी चालतात. एकाच नटाने केलेली एकांकिका असेल, तर तिला दोन्ही नावे लागू पडतात.