अलास्का आणि जंगल
आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) या नाटकात अलास्का रंगमंचावर कधीच दिसत नाही. नाटकाचा नायक, सेल्समन विलीचा भाऊ बेन वडिलांच्या शोधात तिकडे निघाला, पण दिशा चुकून आफ्रिकेत पोहोचला. १७व्या वर्षी जंगलात शिरला आणि २१व्या वर्षी श्रीमंत होऊन बाहेर आला. मधल्या चार वर्षांबद्दल तो बोलत नाही. मेख तिथेच आहे. (मुळात बेन खरा किती आणि विलीच्या आठवणीतला किती?) पुढे बेनने अलास्कात घेतलेले रान सांभाळण्याचे काम विली नाकारतो. ब्रुकलिनमध्ये इमारतींनी वेढलेल्या परसात तो रात्री बी पेरतो, तेव्हा हुकलेले रान वाफ्यापुरते उरलेले असते. अखेरीस विम्याच्या २०,००० डॉलरांसाठी पत्करलेले मरणच त्याला बेनचे जंगल भासू लागते.