एककालिकतेचा प्रश्न : सामूहिक प्रेक्षण आणि प्रक्षेपणातील विलंब

सावंतवाडी परिसरातील देवळांच्या जत्रांतून रात्रभर चालणारे दशावतारी नाटक हा सामूहिक प्रेक्षणाचा एक जुना व अद्याप जिवंत असलेला नमुना होय. तेथे नट आणि प्रेक्षक एकाच पटांगणात असतात. संकासुराच्या प्रवेशाला उसळणारा हशा सर्वांचा एकदमच असतो. तथापि काटेकोर हिशोब केल्यास विलंब येथेही आहेच. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असल्यामुळे रंगस्थळापासून ३४ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकास नटाचा शब्द एक-दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो कोणास खुपत नाही, कारण शेजाऱ्याच्याही वाट्यास तो तितकाच आलेला असतो. सामूहिक प्रेक्षणास बाध आणतो तो विषम विलंब. इलेक्ट्रॉनिक क्रीडास्पर्धा जाहीर पडद्यावर दाखविताना उद्भवणाऱ्या अडचणीचे मूळ या भेदात आहे.

दूरच्या घटनेची वार्ता लवकर मिळावी, हा प्रसारणाच्या इतिहासातील पहिला हेतू होता. १८७० मध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्रतळाच्या तारांनी जोडली गेली व कित्येक आठवड्यांचे अंतर फार थोड्या वेळावर आले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाल्यावर दुसरा, अधिक खोल बदल घडला. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांना एकदम जात असल्याने गावोगावचे श्रोते एकच शब्द जवळजवळ एकाच क्षणी ऐकू लागले. १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून झालेल्या शेतकरी श्रोतृमंडळांच्या प्रयोगात खेडुतांनी एका संचाभोवती जमून कार्यक्रम ऐकावा व त्यावर चर्चा करावी, अशी योजना होती. १९८२ मध्ये दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाद्वारे सुरू झाला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे संकेतास वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागे, परंतु तो सर्व घरांना सारखाच लागे. एककालिकता अबाधित राहिली.

इंटरनेटची घडण याहून भिन्न आहे. तेथे माहितीची लहान लहान पॅकेटे पाडली जातात आणि ती प्रत्येक ग्राहकाकडे स्वतंत्रपणे, वाटेत रांगेत उभी राहत जातात. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील सुमारे चारशे यार्डांच्या मार्गावर गर्दीमुळे वहनाचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले गर्दी-नियंत्रणाचे उपाय या अनुभवातून निघाले. पुढे स्मृतिसाठा स्वस्त झाला, राउटरांतील रांगा लांबल्या आणि पॅकेटे हरवण्याऐवजी खोळंबू लागली. सेकंदास एक कोटी बिट वाहणाऱ्या जोडणीपुढे ऐंशी लक्ष बिटांची रांग साचली, तर शेवटच्या पॅकेटास आठ-दशांश सेकंद थांबावे लागते. अशा रांगा आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ ही पद्धत कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

सावंतवाडीचे मुंबईपासूनचे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो; म्हणजे तंतूचा मार्ग वळणावळणाचा होऊन दुप्पट लांबला, तरी संकेतास पाच-सहस्रांश सेकंद पुरतात. जत्रेच्या पटांगणात मागे बसलेल्या प्रेक्षकाचा विलंब याच्या वीसपट ठरतो. सबब, पडदा मागे पडल्यास दोष कोकणाच्या दूरपणास देता येत नाही. ॲपल कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या प्रक्षेपणपद्धतीत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि ग्राहकयंत्र सामान्यतः तीन तुकड्यांइतके मागे राहून दाखवू लागते. तुकडा सहा सेकंदांचा असेल, तर अठरा सेकंद येथेच जातात. शिवाय खेळाडूंना प्रतिपक्षाचे डाव प्रक्षेपणातून कळू नयेत म्हणून अनेक आयोजक मुद्दाम विलंब ठेवतात. तो दूर करणे प्रेक्षकांच्या हाती नाही आणि इष्टही नाही.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडेस बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिला पदके होती. आता मोती तलावाच्या काठी असे प्रेक्षण योजावयाचे झाल्यास अधिक वेगाची जोडणी घेणे हा एकच उपाय सुचतो. तो अपुरा आहे. शंभर प्रेक्षकांनी आपापल्या फोनवर सेकंदास पन्नास लक्ष बिटांचे चित्र मागितले, तर पन्नास कोटी बिट लागतात. सामाईक पडद्यास पन्नास लक्षच पुरतात. म्हणून पडद्याची जोडणी तारेची व गर्दीच्या बिनतारी जोडणीहून वेगळी असावी, राउटरात रांगेचे नियमन असावे आणि अनेक पडदे असल्यास चित्र एकाच यंत्रावर घेऊन तारेने वाटावे. तुकडे लहान केल्यास विलंब घटतो. पण साठाही घटतो, आणि जोडणी क्षणभर डळमळताच चित्र थिजते. अटीतटीच्या डावात थिजलेल्या चित्रापेक्षा दहा सेकंद मागचे अखंड चित्र बरे, हा निर्णय यंत्राने करावयाचा नसून आयोजकाने करावयाचा आहे.

एवढे करूनही कोणा प्रेक्षकाच्या खिशातील फोन पडद्यापूर्वी निकाल सांगेल, ही शक्यता उरतेच. नभोवाणीच्या काळी एककालिकता लहरींच्या स्वभावातच होती. आज ती योजनेने व प्रेक्षकांच्या संयमाने साधावी लागते. शेतकरी श्रोतृमंडळाच्या एका संचाभोवती बसलेली माणसे अशा अर्थाने आजच्या आयोजकांचे पूर्वसूरी होत.