उडी कोणाची, नाव कोणाचे?

आमच्या सिल्वासाला चित्रसृष्टी अगदीच परकी नाही. येथून फार दूर नसलेल्या, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरील उंबरगावी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रण झाले. १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत रविवारी सकाळी ही मालिका लागे, तेव्हा कित्येक घरांत दूरदर्शन संचाला हार घालून, उदबत्ती लावून मगच मंडळी पाहावयास बसत. पडद्यावरील देवादिकांना आपण हात जोडले, ते योग्यच झाले. परंतु अशी युद्धे, उड्या आणि अधांतरी संचार उभा करताना कोण पडते, कोणास लागते, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. हा प्रश्न चित्रपटांत व मालिकांत साहसाची कामे, म्हणजे सर्वजण ज्यांना ‘स्टंट’ म्हणतात ती कामे, करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर क्वचितच विचारला गेला आहे. तो येथे विचारावा, असे आम्ही योजिले आहे.

मुळापासून पाहू. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. मात्र त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी उतरल्या. पुढे १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. कालियाशी झुंजणारा, त्याच्या फण्यांवर नाचणारा तो गोपाळ एक मुलगी होती, हे आज किती भाविकांना ठाऊक असेल? ‘स्त्री मिळत नाही’ हे विधान अशा रीतीने काही वर्षांतच खोटे ठरले. तथापि खोटी ठरलेली विधाने लगेच मरत नाहीत. हे विधान कसे पुन्हा उठून बसले ते पुढे दिसेल.

१९३५ मध्ये मुंबईत वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ झळकला. होमी वाडिया दिग्दर्शक. त्यांचे ज्येष्ठ बंधू जे. बी. एच. वाडिया हे आमच्याप्रमाणेच कायद्याचे पदवीधर. नायिका होती नादिया. तिचे मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स. १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली, सैनिकाची कन्या, सर्कशीत काम केलेली. हाती चाबूक घेऊन घोडा फेकणारी ही नायिका लोक पाहतील की नाही, या शंकेने वितरक पुढे येईनात; तेव्हा वाडियांनी चित्रपट स्वतःच प्रदर्शित केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढल्याच वर्षी ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली. ही कामे ती स्वतः करी आणि पाटीवर नावही तिचेच असे. साहस आणि श्रेय एकाच व्यक्तीकडे जाण्याचा हा योग आपल्या चित्रपटांच्या इतिहासात विरळा होय.

स्टंटपट म्हणजे हलके, असे मानून नाके मुरडणारे त्या काळीही पुष्कळ होते. अशांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परळच्या ज्या जागेत वाडियांचे हे चित्रपट घडले, तेथेच १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांचे ‘राजकमल’ उभे राहिले. आणि होमी वाडियांच्याच बसंत पिक्चर्सने १९६१ चा ‘संपूर्ण रामायण’ काढला. भक्तिरसाचे पट आणि चाबकाचे पट ही एकाच घरची लेकरे होती.

नादियाच्या पश्चात मात्र चमत्कारिक घडले. नायिका नाजूक झाल्या. त्यांच्या वाट्याची उडी, घोडदौड वा पडझड बदली माणसाकडे गेली, आणि तो बदली माणूस बहुधा पुरुष असे. डोक्यावर स्त्रीचा टोप, अंगात नायिकेचा वेष! आपल्या कोकणातल्या दशावतारात पुरुष स्त्रीपार्ट करतो, त्याचे आपण कौतुक करतो. परंतु तेथे तो नट म्हणून सर्वांसमोर उभा असतो आणि त्याची ती कला असते. येथे पुरुषाला लपवावयाचे आणि स्त्रीचा रोजगार मात्र बुडवावयाचा. कारण विचारल्यास उत्तर १९१३ चेच: स्त्री मिळत नाही. दार लावून घ्यावयाचे आणि कोणी आत येत नाही म्हणावयाचे, हा पुरावा कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

हे दार ठोठावणाऱ्यांत रेश्मा पठाण यांचे नाव अग्रभागी आहे. घरच्या गरिबीमुळे त्या अवघ्या चौदाव्या वर्षी या कामात आल्या आणि मुंबईतील स्टंट कलाकारांच्या संघटनेच्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’त बसंतीचा टांगा जिवाच्या आकांताने धावतो, त्या भूमिकेतील हेमा मालिनी यांच्या जागी साहसदृश्ये करणाऱ्या त्या हीच रेश्मा. ते करताना त्या जखमी झाल्या. बसंतीचे नाव मुलांच्याही तोंडी बसले. रेश्माचे नाव पुष्कळांनी ऐकले ते २०१९ मध्ये, आदित्य सरपोतदार यांनी त्यांच्या जीवनावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट केला तेव्हा.

या कामाचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. फाइट मास्टर बोलावील त्या दिवशी रोजगार, न बोलावील त्या दिवशी उपवास. पुरुषाच्या सदऱ्याखाली, विजारीखाली गुडघ्या-कोपरांना गाद्या बांधता येतात. नायिकेच्या तोकड्या वा तलम वेषाखाली त्या लपत नाहीत, म्हणून तीच उडी स्त्रीने घेतली तर मार अधिक. आणि उत्तम काम म्हणजे कोणते? जे पाहून प्रेक्षकाला वाटावे की हे नायिकेनेच केले! स्वतःला पुसून टाकणे हेच जिथे कौशल्य, तिथे श्रेय आपण होऊन चालत येत नाही. ते नियमानेच द्यावे लागते.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने चित्रपटनिर्मितीतील कामगार आपल्या कक्षेत घेतले होते, आणि कंत्राटदारामार्फत काम करविले तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, असेही त्यात होते. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने लेखी करार आवश्यक केला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारू खुराना यांच्या प्रकरणात रंगभूषाकारांच्या संघटनेचा स्त्रियांना मज्जाव करणारा नियम बेकायदा ठरविला. तो निर्णय रंगभूषेपुरता असला तरी त्यातील तत्त्व चित्रपटाच्या प्रत्येक खात्याला लागू पडते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता अमलात आल्या, तेव्हा त्यांचा लाभ मिळणाऱ्यांत केंद्र शासनाने स्टंट करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला. तथापि कायदा पुस्तकात असणे आणि तो रोजंदारीवरच्या बाईच्या हाती असणे यांत अंतर असते. करारावाचून पडलेल्या बाईला आपण कोणाच्या नोकरीत पडलो, हेच प्रथम सिद्ध करावे लागते.

आपल्या देवळांच्या शिलालेखांत दात्याचे नाव सापडते. ज्याने दगड घडविला त्या पाथरवटाचे क्वचितच. ती उणीव आता भरून निघणार नाही. पडद्यावरील उडी मात्र आजची आहे, आणि ती घेणारी बाई हयात आहे. तिच्या हाती कामाआधी करार, तिच्या पडण्याला विमा आणि चित्रपटाच्या पाटीवर तिचे नाव, एवढे तीन हक्क तिला मिळाले पाहिजेत. नवरात्रात महिषासुरमर्दिनीपुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाला ही मागणी जड वाटू नये.