गाडग्यातले बियाणे

मृग नक्षत्र लागले, की आमच्या बालाघाटच्या बाजारात बियाण्यांच्या रंगीत पाकिटांच्या माळा लटकू लागतात. त्याच सुमारास शाळा उघडते आणि शिक्षक-कक्षात कोणी ना कोणी मला विचारतेच, "सर, इस साल बाड़ी में क्या बोएँ?" मी इतिहासाचा माणूस. शेतीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण घरामागे चार वाफ्यांची वाडी आहे, म्हणून माझ्या शब्दाला थोडी किंमत. खरे सांगायचे तर हा प्रश्न मला शेतीपेक्षा इतिहासाचाच वाटतो. दोडक्याचे बी मातीत टाकताना आपण कोणाची तरी शंभर वर्षांची निवड मातीत टाकत असतो.

माझी आई आमगावची. १९६६ साली लग्न होऊन ती बालाघाटला आली. आमगावहून गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढे नॅरोगेजची छोटी. दहाच वर्षांपूर्वी, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, नागपूर-भंडाऱ्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदीच्या एका काठाची लेक दुसऱ्या काठी दिली, तर आता राज्य बदलू लागले. आईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत तीन पुरचुंड्या होत्या. एकीत जांभळ्या कडेच्या शेंगेचा वाल, दुसरीत दोडका, तिसरीत लहान, चुणीदार, आंबट भेदऱ्याचे बी. भेदरे म्हणजे टोमॅटो, हे इथल्या मराठी वाचकाला सांगायला नको. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र सांगावे लागते. सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही सांगावे लागते.

योगायोग असा, की भारताचा बियाणे कायदा त्याच १९६६ सालचा. प्रमाणित बियाणे, त्याची उगवणशक्ती, पाकिटावरची चिठ्ठी या साऱ्याची सरकारी व्यवस्था तिथून सुरू होते. राष्ट्रीय बीज निगम त्याआधी तीन वर्षे, १९६३ मध्ये स्थापन झाले होते. एकीकडे दिल्लीत कायदा होत होता, दुसरीकडे पुरचुंडी बाघ नदी ओलांडत होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या परसात काय उगवावे, हे या दोन वाटांनीच ठरवले.

यातल्या कोणत्याही वाटेला मी नावे ठेवणार नाही. भेंडीचेच पाहा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे झाड हळदीसारखे होते आणि शेंगा निबर, पांढुरक्या निघतात. मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी केली. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. घरचे बी कितीही जपले, तरी या रोगापुढे त्याचे काही चालत नसे. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पुसा सावनी' हे वाण तयार केले. पुसा हे खरे तर बिहारमधल्या गावाचे नाव. संस्था तिथे होती. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला आली. नाव मात्र वाणांच्या पाकिटांवर अजून नांदते आहे.

याच पुसा सावनीच्या बियाण्यापासून जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांच्या बीजव्यवसायाची सुरुवात झाली. १९६४ मध्ये त्यांनी 'महिको' कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे पुसा सावनीलाही हळद्या गाठू लागला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा भेंडीच्या एका रानटी भावंडाशी संकर केला, त्याच्या पुढच्या पिढ्यांतून निवड केली आणि १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' दिली. एका साध्या भाजीमागे इतक्या माणसांची मेहनत आहे.

आणि 'गावरान' म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो, ते तरी सारे इथले कुठे? वांगे आपल्या भूमीचे, पण मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही मूळची अमेरिका खंडातली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि आज भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे जिथून आले त्यावरून बियाणे गावरान ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या गावच्या हातांनी निवडले, राखेत ठेवले, पुन्हा पेरले, की ते गावरान होते.

ही निवड कशी होत असे, ते मी आईकडे पाहिले. दोडक्याच्या वेलावरची सर्वांत सरळ, लांब फळे ती चिंधी बांधून राखून ठेवी. त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. ती वेलावरच वाळत. वालाच्या शेंगा पूर्ण खडखडल्यावर उतरवायच्या, दाणे उन्हात वाळवायचे, चुलीच्या चाळलेल्या राखेत मिसळायचे, गाडग्यात भरून तोंड शेणमातीने लिंपायचे. माळ्यावर अशी सात-आठ गाडगी ओळीने असत. कोणत्या गाडग्यात काय आहे, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

१९९४ मध्ये कवेलू उतरवून आम्ही घरावर स्लॅब घातला. मी तेव्हा चोविशीचा, नुकता एम. ए. झालेला. माळा रिकामा करताना ती गाडगी मी मजुरांकरवी अंगणाबाहेर फेकून दिली. बाजारात चांगले बी मिळते, हा जळमटांचा पसारा कशाला, असे मी म्हणालोही. आई काही बोलली नाही. संध्याकाळी ती खापऱ्यांपाशी उकिडवी बसून राखेतून दाणे वेचताना दिसली. रात्री पाऊस आला. सकाळी तिथे चिखल होता.

पुढच्या वर्षी मी टोमॅटोचे संकरित बी आणले. पीक पाहण्यासारखे आले. मी मोठ्या ऐटीत त्याचे बी धरले आणि दुसऱ्या हंगामात लावले. एक झाड उंच, एक खुजे. एकाची फळे गोल, दुसऱ्याची तडकलेली. फसवले, म्हणून मी चडफडलो. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी हसत मेंडेलची आठवण करून दिली. त्याने १८६५ साली वाटाण्याबद्दल हेच तर सांगितले होते! संकराच्या दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. पाकिटावर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही होते. मी इतिहास शिकवीत होतो, पण हातातला कागद वाचला नव्हता.

आमच्या भागात धानाला राखणदार मिळाले. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी, त्या काळी मध्य प्रदेशात असलेल्या रायपूर येथे, धानाचे हजारो स्थानिक वाण गोळा केले. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परसातल्या वालाला, दोडक्याला, भेदऱ्याला असा कोण विचारतो? त्यांची राखण बायकांनी केली आणि त्यांची नावे कोणत्याच दप्तरात नाहीत. म्हणूनच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा मला वाटले, माळ्यावरच्या गाडग्याचाच हा सन्मान आहे. बियाण्यांची किंमत माणसाने किती मोजावी? दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असताना तिथल्या बीजसंग्रहाचे काही शास्त्रज्ञ धान्याच्या राशीशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही.

आई २००९ मध्ये गेली. त्यानंतर दोन वर्षांनी एका लग्नासाठी आमगावला गेलो असताना मामीच्या कुंपणावर जांभळ्या कडेच्या शेंगा दिसल्या. मी तिथेच थबकलो. मामी म्हणाली, "अरे, हा तुझ्या आईचाच वाल. मधे आमचं बी किडलं होतं, तर तिनंच बालाघाटहून पाठवलं होतं." तिने मूठभर दाणे माझ्या रुमालात बांधून दिले. वाल परत आला. तो भेदरा मात्र मी गोंदिया, लांजी, बैहरचे बाजार फिरूनही मला मिळाला नाही. त्याची चटणी आता फक्त जिभेच्या आठवणीत आहे.

तेव्हा सहकाऱ्यांना मी आता सांगतो ते एवढेच. एका हंगामात भरपूर हवे असेल तर संकरित बी खुशाल घ्या, पण ते दरवर्षी विकत घ्यावे लागेल, हे जाणून घ्या. बी धरायचे असेल तर पुसा रुबीसारखा टोमॅटो किंवा परभणी क्रांतीसारखी भेंडी, म्हणजे सुधारित, सरळ वाण निवडा. वाल, मेथी, टोमॅटो यांचे बी घरी सहज शुद्ध राहते. भेंडी, वांगी आणि मिरचीची फुले मात्र उमलण्याआधी कापडी पिशवीत झाका. दोडका आणि लवकीचा एका वाडीत एकेकच वाण लावा, नाहीतर मधमाश्या सरमिसळ करतात. सांबारासाठी धने दोन भाग होतील असे रगडून पेरा आणि एक कोपरा फुलू द्या. बी शेजाऱ्याला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क मान्य केला आहे.

आणि एक गोष्ट माझ्या चुकीतून शिकलेली. एकाच घरात सारे बी ठेवू नका. आमचा वाल वाचला, कारण आईने तो वाटला होता. भेदरा कोणाला दिला नव्हता. आमच्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यात मराठीचेही असेच आहे. ती कपाटातल्या पुस्तकांत नुसती ठेवून टिकत नाही, पुढच्या हाती द्यावी लागते.

यंदा मी धाकट्या सुनेच्या हाती वालाचे गाडगे दिले. ती छिंदवाड्याची, घरात हिंदी बोलणारी. दाणे हातावर घेऊन म्हणाली, "बाबूजी, यह तो हमारी सेम है." मी म्हटले, "हो, आणि आमचा वाल." तिने गाडग्यावर चिठ्ठी चिकटवली आणि दोन्ही नावे लिहिली.