रक्ताच्या सुईला झाकण

वॉर्डात सकाळी रक्त काढायची पद्धत बीड जिल्ह्यात काय नि इतरत्र काय, बरीचशी सारखीच. दंडाला टूर्निकेट, कोपराच्या खोबणीत स्पिरिटचा बोळा, पाच सीसीची सिरिंज, आणि शीर सापडली की दट्ट्या हळूहळू मागे. इथवर सगळं रुग्णाच्या अंगावर घडत असतं. धोक्याचं मिनिट त्यानंतरचं. सुई बाहेर आली आहे, तिच्या पोकळीत ताजं रक्त आहे आणि सिरिंजमधलं रक्त बल्बमध्ये भरायचं आहे. (लॅबच्या छोट्या नळीला आपल्याकडे सगळे बल्बच म्हणतात. सीबीसीला जांभळा, साखरेला करडा.) सुईतूनच जोराने ढकललं तर तांबड्या पेशी फुटतात आणि लॅबवाले नमुना परत पाठवतात. म्हणून सुई काढून, बल्ब तिरका धरून, कडेने रक्त सोडायचं असतं. आणि सुई काढायची तर आधी तिच्यावर टोपण चढवण्याचा मोह होतोच. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई, डोळ्यांवर रात्रपाळी, शेजारच्या खाटेवरून नातेवाईक काहीतरी विचारतोय. टोपण हुकलं की टोक थेट डाव्या हाताच्या बोटात.

ते टोक झाकायची सोय सुईतच असावी, हा विचार फार उशिरा जन्मला. रक्त काढण्याच्या सुरक्षेची कुळकथा शोधत मागे गेलं, तर शतकानुशतकं काळजी दिसते ती ज्याचं रक्त काढायचं त्याची. जो काढतो त्याची पाळी यायला 1980 चं दशक उजाडावं लागलं.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरावेधावर एक अख्खा अध्याय आहे. शस्त्र किती खोल जावं याचं माप त्यात धान्याच्या दाण्यांत दिलं आहे. मांसल जागी एका यवाएवढं, इतरत्र अर्ध्या यवाएवढं किंवा व्रीहीएवढं. हाडावरची शीर असेल तर कुठारिका (कुऱ्हाडीसारखं छोटं शस्त्र) वापरायची, तीही अर्धा यवच. लहान मूल, म्हातारं माणूस, गर्भिणी, क्षीण झालेला रोगी यांची शीर उघडू नये, असंही बजावलं आहे. आज नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याची लॅन्सेट 2.4 मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये असं सांगतात, त्यामागे हाच विचार आहे. पण वैद्याच्या स्वतःच्या बोटाला शस्त्र लागलं तर काय, हा प्रश्न त्या अध्यायाला पडत नाही. गावोगाव फिरून तुंबडी लावणाऱ्या वैदूंनाही तो पडला नसेल. दुसऱ्याच्या रक्तातून आपल्याला आजार होतो, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पोकळ सुई आली 1844 मध्ये, डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडची. 1853 मध्ये एडिंबराच्या अलेक्झांडर वुडने आणि लिऑनच्या शार्ल प्रावाझने सुई आणि सिरिंज एकत्र आणली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या ल्यूअरने सबंध काचेची सिरिंज बनवली. ती उकळता येई, आणि तिच्या तोंडाच्या निमुळत्या जोडावर हवी ती सुई बसे. तो जोड आजही जवळपास प्रत्येक सिरिंजवर आहे. उकळण्यासाठी सुई वेगळी निघणं ही मोठी सोय होती. पण सुई निघते म्हणून ती काढली जाते आणि काढायची म्हणून बोटं टोकाजवळ जातात. वॉर्डातल्या त्या मिनिटाचं मूळ मला या जोडात दिसतं.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्यात, सिकंदराबादला, 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. ज्याच्या रक्तावर ते डास पोसले, तो हुसेन खान. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. विज्ञानाच्या इतिहासात रक्त देणाऱ्याचं नाव टिकावं, हे विरळाच. स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, आणि हिवताप कर्मचारी दारोदार जाऊन ‘घरात कुणाला ताप?’ विचारत बोटातल्या थेंबाची काचपट्टी घेऊ लागले. त्या काळी सुई स्पिरिटने पुसून पुढच्या बोटासाठी वापरणं ही रीतच होती. दवाखान्यात काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळत असे, सुईच्या पोकळीतून बारीक तार फिरवत, आणि बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा धारदार करत. ही सगळी उठाठेव उघड्या सुईशी, उघड्या हातांनी चाले.

न्यूझीलंडचे औषधविक्रेते कॉलिन मर्डॉक यांनी 1956 मध्ये एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिक सिरिंजचं पेटंट घेतलं. त्याआधी, 1940 च्या दशकात, जोसेफ क्लाइनर यांनी अमेरिकेत निर्वात नळी शोधली होती, आज जिला सर्रास व्हॅक्युटेनर म्हणतात ती. सुईला दोन टोकं असतात. एक शिरेत जातं, दुसरं होल्डरच्या आत नळीचं रबर भेदतं, आणि नळीतल्या पोकळीने रक्त आपोआप ओढलं जातं. मागच्या टोकावर रबराची बाही असते, त्यामुळे नळ्या बदलताना रक्त गळत नाही. रक्त ओतायचं काम संपलं, सुई काढायचं कारण उरलं नाही. क्लाइनरचा उद्देश निर्जंतुक आणि नेमका नमुना मिळावा एवढाच होता, तरी काढणाऱ्याच्या हाताला मिळालेलं पहिलं खरं संरक्षण ते हेच, असं मी मानतो.

मग एड्स आला. 1984 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सुई टोचून एका परिचारिकेला विषाणूची लागण झाल्याची नोंद छापून आली. 1987 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फर्मावलं : प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं समजा, आणि सुईवर टोपण पुन्हा चढवू नका. सूचना योग्यच होती, पण सगळा भार तिने हातावर टाकला. टोचली तर चूक टोचून घेणाऱ्याची.

हा रोख बदलला जॅनिन जॅगर यांनी. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 10 महिन्यांतल्या 326 टोचण्या तपासल्या आणि कुणाला लागली यापेक्षा कोणत्या वस्तूने लागली हे मांडलं. तो लेख 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ एक तृतीयांश टोचण्या टोपण चढवताना झाल्या होत्या. ज्या वस्तू वापरून झाल्यावर सुट्या कराव्या लागतात, त्यांनी टोचण्याचं प्रमाण साध्या सिरिंजच्या 5.3 पटींपर्यंत जात होतं. आणि टोपण का चढवलं, याला लोकांकडे कारण होतं. उघडी सुई हातात घेऊन वॉर्डभर चालणं त्यांना जास्त धोक्याचं वाटत होतं. माणसं निष्काळजी नव्हती. एक धोका टाळायला दुसरा पत्करत होती. म्हणून जॅगर यांचं म्हणणं असं की बोटं टोकाच्या मागेच राहतील आणि झाकण सुईचाच भाग असेल अशी सुई बनवा. या कुळकथेतलं हे सगळ्यात मोठं वळण.

पुढच्या दहा वर्षांत तऱ्हेतऱ्हेच्या सुया निघाल्या. एकीत बिजागरीचं झाकण अंगठ्याने टोकावर पाडायचं. पंखांच्या सुईत (आपल्याकडची स्काल्प व्हेन) म्यान पुढे सरकवायचं. सर्वांत हुशार ती स्वतः बोथट होणारी. सुई शिरेत असतानाच शेवटची नळी जराशी पुढे ढकलली की आतली बोथट नळी टोकाबाहेर येते आणि सुई बाहेर निघते तीच निरुपद्रवी होऊन. 1993 ते 1995 या काळात अमेरिकेतल्या तीन शहरांत यांची तुलना झाली, निकाल 1997 मध्ये आला. बोथट होणाऱ्या सुईने टोचण्या 76 टक्क्यांनी घटल्या, बिजागरीच्या झाकणाने 66, सरकत्या म्यानाने फक्त 23. सरकतं म्यान पुढे न्यायला सुई बाहेर काढून दुसरा हात लावावा लागे. दुसऱ्या हाताची गरज जितकी कमी, तितका बचाव जास्त, हे आकडे सांगतात. पुढे बटण दाबताच सुई शिरेतूनच आत खेचली जाईल अशा स्काल्प व्हेनही आल्या. नोव्हेंबर 2000 मध्ये अमेरिकेत सुई-सुरक्षेचा कायदा झाला, 2010 मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला.

आपल्याकडे सुरक्षित सुई आधी लसीकरणाच्या वाटेने आली. 2005 मध्ये केंद्र सरकारने सार्वत्रिक लसीकरणात एडी सिरिंज, म्हणजे एकदा वापरली की दट्ट्या अडकून निकामी होणारी सिरिंज, आणायचं ठरवलं, आणि उपकेंद्रावरच्या एएनएम सिस्टरांच्या हातात ती हब कटरसह (सुई मुळाशी कापणाऱ्या उपकरणासह) आली. ही फार मोलाची गोष्ट झाली. वापरलेली सिरिंज दुसऱ्या अंगात गेली तर काय होतं, ते 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासाच्या हिपॅटायटिस बीच्या साथीने दाखवून दिलंच. पण एडी सिरिंज बाळाला वाचवते, टोक तिचंही उघडंच राहतं. आणि तिने रक्त काढता येत नाही.

बीड जिल्ह्यात रक्त काढण्याचं काम मोठं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नमुने महालॅबच्या प्रयोगशाळांकडे जातात. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, तेव्हापासून हंगामाच्या आधी-नंतरच्या तपासण्यांवर भर आला, आणि त्यात हिमोग्लोबिन पहिलं. आशाताई तापाच्या रुग्णाच्या बोटाला लॅन्सेट लावतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते सांगितलं जातं, आणि कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात वॉर्डातलं बरंचसं रक्त इंटर्नच काढतात. म्हणजे ज्यांचा हात अजून बसायचा आहे, ते.

संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर धोका किती? लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के, सी ची सुमारे 1.8 टक्के, एचआयव्हीची 0.3 टक्के. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार कामाची जागा सुरक्षित ठेवणं, खबरदारीची साधनं आणि ही औषधं पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. मागायला संकोचू नये, तो हक्क आहे.

खरेदी करताना झाकणवाली सुई साध्या सुईपेक्षा महाग दिसते, आणि अडतं ते तिथेच. एका टोचणीमागे होणाऱ्या तपासण्या, 28 दिवसांची औषधं आणि सुई लागलेल्या इंटर्नच्या घरच्यांच्या उडालेल्या झोपेचे महिने दरपत्रकात कुठेच नसतात. सुरुवात इंटर्नच्या ट्रेपासून करावी : सिरिंजऐवजी निर्वात नळी, बिजागरीच्या झाकणाची सुई, आणि दर रुग्णाला नवा होल्डर. होल्डर वाचवायला सुई पिळून काढली की रबराच्या बाहीतलं मागचं टोक बोटांशी येतं, म्हणून 2003 मध्ये अमेरिकेने होल्डरचा पुनर्वापरच बंद केला. आपल्या 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतला सुयांसाठीचा पांढरा, न भेदणारा डबा खाटेजवळ ठेवला, तर होल्डर सुईसकट, न सोडवता, त्यातच टाकता येतो.