जुनी चेतक की घरची मिनी बाईक? पत्रा कापण्याआधी हे वाचा

जोयडा : पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची स्कूटर सीमाभागात नवलाची नाही. तिचं करायचं काय, यावर घरात दोन मतं पडतात. मोठी माणसं म्हणतात, दुरुस्त करून चालवू. पोरं म्हणतात, कापून मिनी बाईक करू. कायद्याच्या दृष्टीने या दोन वाटा एकदम उलट आहेत. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

स्कूटर आली कुठून?

बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीला व्हेस्पा 150 बनवायला घेतली. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 मध्ये चेतक बाजारात आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. साधारण 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हँडलवर चार गिअर, पत्र्याची बॉडी आणि चेनची भानगडच नाही. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार व्हायची, तर मुंबईत एपीआय कंपनी लॅम्ब्रेटा बनवायची.

मिनी बाईकचा इतिहासही जुना. जपानमध्ये होंडाने 1961 मध्ये टामा टेक या मनोरंजन बागेसाठी छोट्या चाकांची गाडी केली, तिचीच पुढे 'मंकी' झाली. आपल्याकडे 1973 च्या 'बॉबी' सिनेमामुळे राजदूत जीटीएस 175 घराघरांत माहीत झाली. लोक तिला 'बॉबी'च म्हणू लागले.

दुरुस्ती करताना

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला एकदम किक मारू नका. आधी टाकी आणि कार्बुरेटर साफ करा, प्लग काढून काजळी पुसा, सायलेन्सर साफ करा. क्लच, गिअर आणि ब्रेकच्या केबल बदला. जोयड्याच्या पावसात पत्रा खालून सडतो. पाय ठेवायचा फ्लोअर आणि स्टेपनीमागची जागा ठोकून बघा. मागून पत्रा मऊ लागला तर रंग मारून भागत नाही, वेल्डिंग करावंच लागतं.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला साधारण 20 मिली. हे ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. म्हणून अणमोड किंवा अणशी घाट उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण सोडून लांबवर जाऊ नका. पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी होतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मधेमधे थोडी रेस द्या. न्यूट्रलवर उतरणं तर त्याहून वाईट, सगळा भार ब्रेकवर येतो. चाकं लहान आणि ड्रम ब्रेक ओले, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर जास्तच ठेवा.

मिनी बाईक कुठे चालते?

लुनाचं किंवा गवत कापायच्या मशीनचं इंजिन, वाकवलेला पाईप, लहान चाकं. जुळणी सोपी वाटते. पण मोटार वाहन कायदा, 1988 नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचं इंजिन 25 सीसीपेक्षा मोठं असलं की ती मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बनवलेल्या गाडीला यातलं काही सहज मिळत नाही. स्वतःच्या बंदिस्त आवारात चालवा, रस्त्यावर आणू नका. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलवाटा तर अजिबात नकोत.

अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी नेऊन गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. घाटात ट्रकवाल्याला गुडघ्याएवढी गाडी वळणावर दिसत नाही, ही भीती दंडापेक्षा मोठी आहे.

पन्नास वर्षांची किंमत

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या दुचाकीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळू शकतो. नवीन नोंदणीची फी 20 हजार, मुदत दहा वर्षं. ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची. म्हणजे 1972 ची चेतक आता या वयात बसते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असला तर हा दरवाजा बंद.

रोज वापरायची असेल तर साधी नोंदणीच बरी. पहिली 15 वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

सीमेवरचा घोळ

काका कोल्हापूरचे, गाडी एमएच पासिंगची, उभी रामनगरला. असं आपल्याकडे नेहमीचंच. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथली नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. दुसऱ्या राज्यातून जुनी गाडी घेताना आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मिनी बाईकसाठी भंगारातला पाईप कुठेही मिळतो. जुनी, न कापलेली चेतक पुन्हा तयार होणार नाही.